मुलीला सायकल द्यावी की स्कूटी?

बेळगावातल्या अनगोळ भागातून एका आईचं पत्र आलंय. मुलगी नववीत, शाळा कॅम्पात (कॅन्टोन्मेंट भागात), अंतर चार-साडेचार किलोमीटर. आजवर शाळेची रिक्षा होती, आता मुलगी म्हणते, मी सायकलने जाणार. वडिलांचं म्हणणं, सध्या कारने सोडू आणि सोळा पूर्ण झाली की स्कूटी घेऊन देऊ. आजी म्हणते, गल्लीत फिरव हवी तेवढी, खानापूर रोडला नको. त्यातच गेल्या महिन्यात पहाटे फिरायला गेलेल्या आजोबांना मागून दुचाकीचा धक्का बसला. हाड मोडलं नाही, पण सगळं घर धास्तावलं. आई विचारतात, "हेल्मेट, लाइट, सगळं घेऊन देईन. पण एवढ्यावर तिला पाठवावं का? की तिचा हट्ट मोडून कारनेच सोडत राहावं? आणि आजोबांचं फिरणं बंद करावं का?"

ताई, आधी स्कूटीचं बघू, कारण तुमच्या घरात तो पर्याय सुरक्षित म्हणून धरला गेलाय आणि तो तसा नाही. सोळा पूर्ण झालेल्या मुलांना परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचाच, आणि दुकानात दिसणाऱ्या बहुतेक स्कूटी ११० किंवा १२५ सीसीच्या असतात. त्या चालवायला अठरा पूर्ण हवीत. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली आणि गुन्हा घडला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ प्रमाणे जबाबदार धरतात ते पालकाला किंवा गाडीच्या मालकाला. २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या इलेक्ट्रिक स्कूटरला परवाना लागत नाही हे खरं. पण ती घेताना वेगाचं बंधन काढून दिलेलं नाही ना, याची खात्री करा. बंधन काढलं की कायद्याने ती पूर्ण मोटार सायकल ठरते, विम्याशिवायची आणि नंबरशिवायची.

कायदा बाजूला ठेवला तरी मुद्दा राहतोच. सायकलवर मुलगी ताशी बारा-पंधराने जाते, चुकली तर बहुतेक वेळा खरचटण्यावर निभावतं. तीच मुलगी त्याच रस्त्यावर स्कूटीने चाळीसला जाईल, आणि चूक मात्र तीच असेल. आज तुम्हाला भीती वाटते ती इतरांच्या वेगाची. स्कूटी दिली की तिचा वेगही त्यात मिळवला जातो.

वेगाचं गणित एकदा घरात सगळ्यांसमोर मांडा, वडिलांसमोर नक्की. कोरड्या रस्त्यावर, ब्रेक चांगले असताना आणि चालकाला सावध व्हायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर ताशी ३० ची कार साधारण १३ मीटरमध्ये पूर्ण थांबते. ताशी ५० ची कार त्या एका सेकंदातच जवळपास १४ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे जिथे तिसाची गाडी थांबून उभी राहिली, तिथे पन्नासाच्या गाडीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. तिला थांबायला २८ मीटर लागतात, आणि ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. तिसाने धडक बसलेला पादचारी बहुतेक वेळा वाचतो, आणि पन्नासावरून वेग पासष्टावर गेला की मृत्यूचा धोका साडेचार पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे हेल्मेट घ्याच, पण मुलीची सुरक्षा मुख्यतः ठरते ती कोणत्या वाटेने, कोणत्या वेगाच्या गाड्यांशेजारून ती जाते यावर. तुमच्या पत्रात हेल्मेट आहे, लाइट आहे, वाटेबद्दल मात्र एक ओळ नाही. काम तिथून सुरू करायचं आहे.

अनगोळहून कॅम्पात जायचं तर तीन जागा टळत नाहीत: खानापूर रोड, रेल्वे लाइन आणि काँग्रेस रोड. बाकीचं अंतर आतल्या रस्त्यांनी काढता येतं. रिक्षा मोठ्या रस्त्याने जाते म्हणून सायकलनेही तिथूनच जायचं असं काही नाही. भाग्यनगरच्या क्रॉसमधून, म्हणजे आडव्या गल्ल्यांतून, हिंदवाडीतल्या आतल्या रस्त्यांनी गेलं तर अर्धा किलोमीटर वाढेल, म्हणजे फार तर तीन मिनिटं. पण त्या रस्त्यांवर गाड्या मुळातच हळू असतात. वाट निवडताना अंतर मोजू नका, उजवी वळणं आणि मोठे चौक मोजा. उजवी वळणं कमीत कमी असतील ती वाट चांगली.

पहिल्यांदा ती वाट दोघी पायी चाला, शाळेच्याच वेळी. प्रत्येक अडचण वहीत लिहा: इथे गटाराची जाळी चाकाच्या दिशेने लांब आहे, चाक अडकेल, इथे भाजीची गाडी लागते, मागचं दिसत नाही, इथे कुत्री असतात. मग रविवारी सकाळी सायकलवर तीच वाट, तुम्ही मागून. त्यानंतर शाळेच्या दिवशी, शाळेच्या गर्दीत, चार-पाच वेळा बरोबर जा. ती मधे न विचारता योग्य जागी थांबते आहे, असं तुम्हाला स्वतः दिसलं की एकटीला सोडा. महिना लागला तरी लागू दे.

तीन अवघड जागांचं एकेक. खानापूर रोड तिने सायकलवरून कापायचा नाही. उतरायचं, सायकल हाताशी धरून, सिग्नल किंवा झेब्रा असेल तिथूनच चालत पार करायचं. रस्त्याच्या मधे दुभाजक असेल तर ओलांडणं दोन टप्प्यांत करायचं, म्हणजे एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या बघाव्या लागतात. एक गाडी थांबली म्हणून निघायचं नाही. थांबलेल्या गाडीच्या कडेने दुसरी पुढे काढणारा असतोच, त्यामुळे पहिल्या गाडीच्या टोकाशी येऊन पुन्हा एकदा डोकावून बघायचं. हा एक नियम तिच्याकडून अक्षरशः घोकून घ्या.

रेल्वे गेटवर धोका गाडीपेक्षा रुळांचा जास्त. रूळ तिरके ओलांडले की पुढचं चाक रुळाशेजारच्या खाचेत बसतं आणि सायकल जागच्या जागी आडवी होते. पावसात तर ओल्या लोखंडावर चाक सरळच निसटतं. चाक रुळाला काटकोनात आणायचं, त्या जागी ब्रेक लावायचा नाही, हँडल वळवायचं नाही. जून ते सप्टेंबर सरळ उतरूनच पार करायचं. गेट उघडल्यावर दोन्ही बाजूंनी दुचाक्या एकदम सुटतात, तेव्हा पहिल्या झुंडीत घुसायची घाई नको, वीस सेकंद थांबून मागून निघावं.

काँग्रेस रोड लांब आणि सरळ आहे, म्हणून तिथे गाड्या पळतात. तिथे काही अंतर सायकल चालवावी लागलीच तर काठाला अगदी चिकटून नको. तुमच्या पत्रात "कडेकडेने जा म्हणून सांगेन" असं वाक्य आहे. भावना समजते, पण सल्ला अर्धाच बरोबर आहे. अगदी कडेला वाळू असते, काचा असतात, चेंबरची झाकणं असतात. ते चुकवायला सायकल अचानक उजवीकडे जाते, आणि मागच्या गाडीला ते अपेक्षित नसतं. काठापासून साधारण एक मीटर सोडून सरळ रेषेत चालवायची. उभ्या गाड्यांच्या रांगेशेजारूनही तेवढंच अंतर, कारण कारचा दरवाजा उघडला की जवळजवळ एक मीटर रस्ता व्यापतो. दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आत जाऊन परत बाहेर यायचं नाही.

उजवीकडे वळायचं असेल तर रस्त्याच्या मध्यावर जाऊन हात दाखवत थांबणं पंधरा वर्षांच्या मुलीला सांगू नका. चौक सरळ पार करायचा, पलीकडे डाव्या कोपऱ्यावर थांबायचं, सायकल उजव्या दिशेला वळवून घ्यायची आणि तिकडची वाहतूक सुटली की तिच्याबरोबर निघायचं. मिनिटभर जास्त लागतं, बाकी काही नाही.

सिटी बस, ट्रक आणि उसाचे ट्रॅक्टर यांच्या डाव्या बाजूने पुढे जायचं नाही, कधीही. आपल्याकडे गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर शहराच्या रस्त्यांवरही येतात. वळताना ट्रॉलीचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेत येत नाही, आतल्या बाजूला कापत येतं. त्या कोपऱ्यात थांबलेल्या सायकलला जायला जागा उरत नाही. मुलीला एक खूण शिकवा: मला ड्रायव्हरचा चेहरा आरशात दिसत नसेल, तर त्याला मी दिसत नाही. अशा वेळी मागेच थांबायचं.

हे सगळं करायला एक कौशल्य आधी लागतं, ते म्हणजे मागे वळून बघताना सायकल सरळ ठेवणं. मैदानावर चुन्याची एक रेघ ओढा. ती रेघेवरून सायकल चालवेल, तुम्ही मागे उभ्या राहून बोटं दाखवा, तिने उजव्या खांद्यावरून बघून किती बोटं ते सांगायचं, रेघ न सोडता. दहापैकी दहा वेळा जमेपर्यंत मोठा रस्ता नाही. एका हाताने चालवणं आणि दोन्ही ब्रेक एकदम, हळूहळू आवळत थांबणं, हेही तिथेच करून घ्या.

आता सायकल. पुढे उंची वाढेल म्हणून मोठी सायकल घेऊ नका, ही चूक आपल्याकडे घरोघरी होते. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. ब्रेकचा लिव्हर पूर्ण दाबला तरी हँडलपासून दोन बोटं अंतर राहिलं पाहिजे. हँडलला टेकत असेल तर वायर ओढून घ्यायची. ब्रेकच्या रबरावरच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या की रबर बदला, जोडीची किंमत किरकोळ असते. पावसात रिम ओली असताना ब्रेक उशिरा धरतो, म्हणून थांबायच्या बरंच आधी एकदोनदा हलका दाबून रिम पुसून घ्यायची. हवा टायरच्या कडेला छापलेल्या आकड्याप्रमाणे, आठवड्यातून एकदा. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून बघा. हललं तर नट सैल आहे. चेनला कव्हर हवं आणि मागच्या चाकाला ओढणी अडकू नये म्हणून जाळी हवी. दप्तर हँडलला टांगायचं नाही, वळताना तेच हँडल ओढतं. ते मागच्या कॅरिअरला दोन रबरी दोऱ्यांनी घट्ट बांधायचं.

हेल्मेट घेताना त्यावर ईएन १०७८ ही सायकल हेल्मेटच्या युरोपीय मानकाची खूण बघा. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, पट्ट्यांचा इंग्रजी व्ही कानांच्या खाली जुळलेला, हनुवटीखाली एकच बोट जाईल इतका घट्ट. जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका, आतला थर्माकोल दबला की तो दुसऱ्यांदा काम करत नाही. मागचा लाल लाइट पावसाळ्यात दिवसाही चालू ठेवावा. रेनकोटची टोपी हेल्मेटखाली घातली तर मागे वळून बघता येत नाही, तेव्हा टोपी नसलेला, फिकट रंगाचा रेनकोट बरा. मुसळधार कोसळत असेल त्या दिवशी रिक्षा. त्यात हार कसली?

कारने सोडण्याबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत, कारण तुम्ही तो बिनधोक पर्याय मानता. तुमच्या मुलीपुरता तो बहुतेक बिनधोक आहे. पण शाळा भरताना फाटकासमोर पन्नास गाड्या एकदम थांबतात, रिव्हर्स घेतात, रस्त्याच्या बाजूला दरवाजे उघडतात, आणि चालत-सायकलवर येणारी मुलं त्यांच्यामधून वाट काढतात. पालकांनी हा प्रश्न मुख्याध्यापकांकडे मिळून न्यावा. मागण्या साध्या असाव्यात: चालत आणि सायकलवर येणाऱ्यांसाठी वेगळं फाटक, सुटताना आधी त्यांना सोडायचं आणि गाड्यांवाल्यांना दहा मिनिटांनी, गाड्या फाटकापासून दोनशे मीटर अलीकडे थांबवायच्या. याला खर्च जवळजवळ काही नाही. त्याच बैठकीत विचारा, अनगोळ, भाग्यनगर, वडगावकडून सायकलने येऊ शकतील अशी आणखी किती मुलं आहेत. पाच-सहा जणांचा जथा, पुढे एक मोठा माणूस आणि मागे एक, पालकांनी दिवस वाटून घेतलेले. एकट्या मुलीपेक्षा असा जथा चालकांना कितीतरी लवकर दिसतो. कर्नाटक सरकारने २००६-०७ मध्ये आठवीतल्या मुलांना सायकली देण्याची योजना सुरू केली होती, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यातल्या गावागावांत मुली सायकलने हायस्कूलला गेल्या आहेत. शहरातल्या मुलीने तेच मागितलं तर तो हट्ट कसा म्हणायचा?

आजोबांचं फिरणं बंद करू नका. त्या वयात चालणं थांबलं की गुडघे आणि तोल दोन्ही जातात, आणि मग घरातल्या घरात पडण्याची भीती. फक्त तीन गोष्टी बदला. पदपथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचं, म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते. धक्का मागून बसला, त्याचं कारण बहुधा डावी बाजू हेच असणार. दुसरं, पहाटे गडद स्वेटर नको. डीपरच्या उजेडात गडद कपड्यांतला माणूस साधारण तीस मीटरवर दिसतो, आणि पन्नासाच्या गाडीला थांबायला अठ्ठावीस लागतात हे वर आलंच आहे. चमकणाऱ्या पट्ट्या घोट्यांना आणि काठीला लावा. हलणारी पट्टी शंभर मीटरच्या पलीकडूनही माणूस म्हणून ओळखू येते. तिसरं, रस्ता ओलांडायची जागा. सात मीटरचा रस्ता त्यांच्या चालीने पार करायला आठ सेकंद लागतात. तेवढ्यात पन्नासाची गाडी एकशे दहा मीटर येते. म्हणजे दोन्ही बाजूंना विजेचे तीन-चार खांब दूरपर्यंत रस्ता मोकळा दिसत नसेल, तर ती ओलांडायची जागा नव्हे. आणि शक्य असेल तर उजाडल्यावरच निघावं.

आता रस्त्याबद्दल. तुम्ही लिहिता, "रस्ते असेच राहणार, आपणच जपायचं." हे मात्र मान्य करू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की चालण्याजोगा पदपथ मिळणं हा घटनेच्या २१ व्या कलमाखालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. अर्ज केला पाहिजे, आणि नेमका केला पाहिजे. "रस्ता सुरक्षित करावा" असं लिहिलेला अर्ज फाइलमध्येच राहतो. एक जागा, एक फोटो, एक मागणी असं लिहा: अमुक चौकात झेब्रा आणि त्याआधी गतिरोधक. गतिरोधक कसा हवा तेही लिहा, १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर, ताशी २५ च्या वेगासाठी; इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक तेच आहे. रातोरात उभा केलेला अरुंद, टोकदार उंचवटा सायकलस्वाराला आणि रुग्णवाहिकेला त्रास देतो. पदपथ मागताना मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि काठाची उंची १५ सेंटिमीटरच्या आत, हे आकडे घाला. झाडं, डीपी बॉक्स, दुकानाच्या पायऱ्या सोडून उरते ती मोकळी रुंदी. गटाराच्या जाळ्या आडव्या बसवून घेणं तर दोन तासांचं काम आहे, पहिला अर्ज त्याचाच करा.

रस्ता कोणाचा आहे ते आधी शोधा. अनगोळ-हिंदवाडी महानगरपालिकेकडे, पण कॅम्पातले रस्ते कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे असतात; चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज महिनोन्महिने फिरतो. प्रत नगरसेवकाला आणि वाहतूक पोलिसांना. अर्ज कन्नडमध्ये द्या, सोबत मराठी जोडा. भाषेचं आपलं म्हणणं आपल्या जागी आहे, पण मुलांच्या रस्त्याचा कागद भाषेच्या कारणावरून कोणाला बाजूला ठेवता येऊ नये. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका. महिन्याभरात काही हललं नाही, तर माहिती अधिकारात "अर्जावर काय कारवाई झाली" एवढंच विचारा, त्याचं उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.

राहिलं एक, जे कोणालाच लिहावंसं वाटत नाही. अपघात झालाच तर ११२ ला फोन, रुग्णवाहिकेसाठी १०८. गाडीचा नंबर लगेच मोबाइलमध्ये टाइप करून ठेवायचा किंवा फोटो काढायचा. २०२५ पासून केंद्राची योजना आहे, रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. नातेवाइकांनी इस्पितळात हे स्वतः विचारावं. मदत करणाऱ्याला कलम १३४-अ चं संरक्षण आहे, नाव सांगायची सक्ती त्याला करता येत नाही. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडली नाही, तरी गंभीर जखमीला ५० हजार आणि मृताच्या वारसांना दोन लाख भरपाई आहे, पण त्यासाठी पोलिसांत नोंद हवी. आजोबांच्या वेळी तुम्ही नोंद केली नाहीत असं पत्रावरून दिसतं. त्या जागेचा अर्ज करताना त्या दिवसाची तारीख, वेळ आणि डॉक्टरांचा कागद जोडा. गतिरोधक मागायला त्याच्याइतका उपयोगी पुरावा दुसरा नाही.